धुराची साक्ष

दिल्लीत मोटार बाळगणाऱ्या गृहस्थाला आपल्या गाडीच्या धुराविषयी उदासीन राहण्याची मुभा न्यायालयाने आणि सरकारने मिळून केव्हाच काढून घेतली आहे. प्रदूषणाच्या दाखल्याची मुदत उलटली तर दहा हजारांपर्यंतचा दंड, हिवाळ्यात हवा बिघडली की अमुक मानकाच्या गाड्या दिल्लीत, गुरुग्रामात, नोएडात आणि गाझियाबादेत रस्त्यावर आणू नयेत असे फर्मान, पंधरा वर्षांच्या पेट्रोलगाडीला आणि दहा वर्षांच्या डिझेलगाडीला पंपावर इंधनच देऊ नये असा १ जुलै २०२५ रोजी अमलात आलेला आणि थोड्याच दिवसांत स्थगित झालेला हुकूम, या साऱ्या जंजाळातून वाट काढणाऱ्या माणसाच्या समोर एके सकाळी इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो, आणि कोपऱ्यावरचा मिस्त्री आपले स्कॅनर लावून क्षणार्धात निवाडा देतो की ऑक्सिजन सेन्सर गेला. हा निवाडा पुष्कळदा चुकीचा असतो. सेन्सर हा या खटल्यातील आरोपी नसून साक्षीदार आहे, त्याने गैरसोयीची साक्ष दिली म्हणून त्यालाच शिक्षा ठोठावली जाते, आणि खरा अपराधी, मग ती चिरलेली रबरी नळी असो वा दमलेला पेट्रोलपंप, मोकळाच राहतो.

हा साक्षीदार दिसावयास अगदी किरकोळ असतो. इंजिनातून जळालेले वायू ज्या लोखंडी नळ्यांतून बाहेर पडतात त्या जिथे एकत्र येतात, त्याच्या थोडे पुढे आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या अलीकडे, स्पार्क प्लगासारखा आटे असलेला एक तुकडा नळीत पिळून बसविलेला असतो, आणि त्याच्या पाठीतून बहुधा चार तारा निघतात. नळीच्या आत गेलेल्या त्याच्या टोकावर भोके पाडलेले पोलादी आवरण असते व त्या आवरणाच्या आड झिर्कोनिया नामक मृत्तिकेची, एका बाजूने बंद असलेली पोकळ नळी असते. तिच्या आतून आणि बाहेरून प्लॅटिनमचा अतिशय पातळ, सच्छिद्र लेप दिलेला असतो. बाहेरच्या लेपाला धूर लागतो, आतल्या पोकळीत बाहेरची स्वच्छ हवा पोहोचते. ही हवा पुष्कळ सेन्सरांत तारांच्या आवरणाखालून, तारेच्या बारीक धाग्यांच्या फटींतूनच, आत येत असते. आणि म्हणून तुटलेली तार डाग देऊन सांधणारा मिस्त्री साक्षीदाराचा श्वासच कोंडीत असतो, ही गोष्ट कारखान्यातील माहितीपत्रकाबाहेर फार थोड्यांना ठाऊक आहे.

झिर्कोनियाचा गुण असा की, त्यात यिट्रियाची भेसळ केली आणि ते सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापले, म्हणजे त्यातून ऑक्सिजनचे विद्युतभारित कण संचार करू लागतात. एका अंगाला ऑक्सिजन पुष्कळ आणि दुसऱ्या अंगाला तुटपुंजा असला की हे कण विपुलतेकडून न्यूनतेकडे जाऊ पाहतात, आणि त्या ओढीतून दोन्ही लेपांमध्ये विद्युतदाब उत्पन्न होतो. हा दाब किती, ते सांगणारे समीकरण जर्मन रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर नेर्न्स्ट यांनी १८८९ मध्ये मांडले. त्याच नेर्न्स्टांनी पुढे १८९७ च्या सुमारास झिर्कोनिया आणि यिट्रिया यांच्या कांडीचा विजेचा दिवा तयार केला. तो दिवा एडिसनच्या परंपरेतील दिव्यांपुढे टिकला नाही, परंतु ती मृत्तिका मात्र सुमारे ऐंशी वर्षांनी मोटारीच्या धुराड्यात जाऊन बसली. नेर्न्स्टांना १९२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते अन्य कार्यासाठी. या उपयोगाची त्यांना कल्पनाही नसावी. बॉश कंपनीने घडविलेला हा सेन्सर प्रथम १९७६ मध्ये व्होल्व्होच्या, कॅलिफोर्नियाच्या कडक नियमांसाठी बांधलेल्या गाड्यांत बसविला गेला, आणि व्होल्व्होला त्याचा इतका अभिमान होता की गाडीच्या दर्शनी जाळीवर 'लॅम्डा सोंड' अशी अक्षरे मिरवली जात.

एवढा खटाटोप कशासाठी, हे समजून घेण्यासाठी कन्व्हर्टरच्या स्वभावाकडे पाहावे लागते. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचे लेप दिलेली ती पोळ्यासारखी सच्छिद्र वीट तीन विषांचा एकाच वेळी निकाल लावते : कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेले पेट्रोल यांना ऑक्सिजन देऊन, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा ऑक्सिजन काढून घेऊन. देणे आणि घेणे ही दोन्ही कामे एकाच ठिकाणी व्हावयाची तर आत येणाऱ्या मिश्रणाचे प्रमाण फार काटेकोर असावे लागते. शुद्ध पेट्रोलाच्या बाबतीत ते प्रमाण वजनाने एक भाग इंधनास १४.७ भाग हवा असे आहे. या समतोलालाच लॅम्डा बरोबर एक असे म्हणतात. हवा किंचित अधिक झाली की नायट्रोजनचे ऑक्साइड अबाधित बाहेर पडतात, पेट्रोल किंचित अधिक झाले की मोनॉक्साइड. सेन्सराची खुबी अशी की नेमक्या या समतोलाच्या रेषेवर त्याचा दाब एकदम उडी मारतो : हवा अधिक असेल तर ०.१ व्होल्ट, पेट्रोल अधिक असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, आणि मधले अंतर तो क्षणार्धात ओलांडतो. इंजिनाचा संगणक, ज्याला आपल्याकडे सर्रास ईसीएम म्हणतात, ही साक्ष ऐकून पेट्रोल कमी करतो, लगेच सेन्सर हवा वाढल्याची वर्दी देतो, तो पुन्हा पेट्रोल वाढवितो, आणि हा झोका गाडी चालू असेपर्यंत अखंड सुरू राहतो.

राजधानीत हे सारे आले ते न्यायालयाच्या दारातून. अ‍ॅडव्होकेट एम. सी. मेहता यांनी सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला १९८५ चा रिट अर्ज क्रमांक १३०२९ दिल्लीच्या हवेविषयी होता, आणि तो पुढे वर्षानुवर्षे चालून त्याच्या पोटी हुकुमांमागून हुकूम निघत गेले. त्यातील पहिला महत्त्वाचा टप्पा १ एप्रिल १९९५ चा : त्या दिवसापासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोलमोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि शिसेविरहित पेट्रोल पंपांवर मिळू लागले. दोन्ही गोष्टी एकदमच व्हाव्या लागल्या, कारण शिशाचा पातळ थर प्लॅटिनमवर बसला की कन्व्हर्टर आणि सेन्सर दोघेही कायमचे निकामी होतात. दिल्लीतून शिशाचे पेट्रोल सप्टेंबर १९९८ मध्ये आणि देशातून १ फेब्रुवारी २००० रोजी हद्दपार झाले. दरम्यान २९ एप्रिल १९९९ रोजी न्यायालयाने राजधानी क्षेत्रापुरते फर्माविले की १ जून १९९९ पासून युरो-१ आणि १ एप्रिल २००० पासून युरो-२ मानकाच्याच मोटारी नोंदविल्या जातील. कारखानदारांना मिळालेली ही मुदत इतकी अल्प होती की गुडगावच्या मारुती कारखान्यापासून साऱ्यांची धांदल उडाली, आणि कार्ब्युरेटरचे युग, ज्यात मिस्त्री कानाने इंजिन ऐकून स्क्रूने मिश्रण लावीत असे, ते दिल्लीच्या नव्या मोटारींपुरते तरी तिथेच संपले. कार्ब्युरेटरला साक्षीदार लागत नव्हता. मिस्त्रीचा कानच काय तो न्यायाधीश. इंजेक्शनच्या इंजिनात त्या कानाला फारसे काम उरले नाही, आणि माझ्या मते आजच्या पुष्कळ चुकीच्या निदानांचे मूळ इथेच आहे : कान गेला, स्कॅनर आले, परंतु स्कॅनरवरील अक्षरांचा अर्थ लावण्याची विद्या मात्र कोणी शिकविली नाही.

दिल्लीत २०१० पासून लागू झालेल्या बीएस-४ मानकाबरोबर गाड्यांना आत्मनिदानाची यंत्रणा आली आणि कालांतराने कन्व्हर्टरच्या पलीकडे दुसरा सेन्सर बसू लागला. पहिला मिश्रणाविषयी साक्ष देतो, दुसरा कन्व्हर्टरच्या कामाविषयी. ईसीएमला काही खटकले की तो आपल्या दप्तरात एक सांकेतिक क्रमांक नोंदवितो आणि दिवा लावतो. गोंधळाला सुरुवात या क्रमांकांच्या वाचनापासूनच होते. 'पी ०१३५' किंवा 'पी ०१४१' असा क्रमांक आला तर तक्रार खरोखरच सेन्सराविषयी, किंबहुना त्याच्या पोटातील हीटरविषयी असते. 'पी ०१३३' आला तर सेन्सर उत्तरे देतो पण सावकाश देतो असा अर्थ. परंतु 'पी ०१७१' आला, म्हणजे मिश्रणात हवा अधिक आहे, किंवा 'पी ०१७२' आला, म्हणजे पेट्रोल अधिक आहे, तर सेन्सराने आपले काम चोख बजावलेले असण्याचाच संभव मोठा. 'पी ०४२०' तर कन्व्हर्टर दुबळा झाल्याची वर्दी आहे; ती वर्दी देणारा मागचा सेन्सर बदलून कन्व्हर्टर कसा सुधारणार, हे विचारले असता मिस्त्री बहुधा मोघम हसतो.

हवा अधिक असल्याची वर्दी देताना सेन्सर खरे बोलत असूनही ऐकणाराची दिशाभूल होऊ शकते, कारण त्याला केवळ ऑक्सिजन कळतो, पेट्रोल कळत नाही. एखाद्या सिलिंडरात ठिणगीच पडली नाही, ज्याला आपण गाडी मिसिंग मारते म्हणतो, तर त्यातील हवा आणि पेट्रोल दोन्ही न जळता बाहेर पडतात. सेन्सराला त्यातील हवा तेवढी दिसते, तो हवा अधिक असल्याचे सांगतो, आणि ईसीएम त्यावर विश्वासून आणखी पेट्रोल ओततो. धुराड्याच्या जोडावरील गॅस्केट फुटले असेल तर वायूंच्या लाटांमधील क्षणिक ओढीने बाहेरची हवा आत खेचली जाते, आणि इंजिन निर्दोष असतानाही सेन्सर तीच साक्ष देतो. म्हणून सेन्सरावर पाना लावण्यापूर्वी थंड इंजिन सुरू करून धुराड्याच्या जोडांशी फटफट आवाज किंवा काळे ओघळ शोधावेत, मग हवेच्या फिल्टरपासून इंजिनापर्यंतची रबरी नळी वाकवून तिच्या घड्यांतील चिरा पाहाव्यात, आणि स्पार्क प्लग काढून पाहावेत. या तीन गोष्टींना पैसा लागत नाही.

त्यानंतर साक्षीदाराची उलटतपासणी. इंजिन पूर्ण तापवून मिनिटाला सुमारे २५०० फेऱ्यांवर धरले, म्हणजे पुढच्या सेन्सराचा दाब ०.२ व्होल्टच्या खालून ०.८ च्या वर आणि पुन्हा खाली असा सेकंदा-दोन सेकंदांत येरझाऱ्या घालताना स्कॅनरवर दिसला पाहिजे, आणि मागच्याचा दाब ०.६ ते ०.७ च्या आसपास जवळजवळ स्थिर. पुढच्याचा आकडा ०.४५ वरच खिळून राहिला तर बहुधा तार तुटलेली असते, कारण पुष्कळ ईसीएम स्वतःच तेवढा दाब त्या तारेवर देऊन ठेवतात व उत्तर न आल्यास तोच दिसत राहतो. आकडा ०.१ वर बसून राहिला तर मात्र घाईने निवाडा देऊ नये : एक निर्वात नळी क्षणभर काढावी, दाब तळाशी जातो का पाहावे, ती लावून अ‍ॅक्सिलरेटर झटक्याने दाबावा, दाब ०.८ च्या वर उसळतो का पाहावे. दोन्ही प्रश्नांना तत्परतेने उत्तर मिळाले तर साक्षीदार विश्वासार्ह आहे, आणि दोष अन्यत्र शोधावा. अलीकडच्या काही गाड्यांत पुढच्या जागी हवा-इंधन सेन्सर असतो, तो व्होल्टऐवजी प्रवाहाच्या भाषेत बोलतो; त्याला हे निकष लावू नयेत, त्याच्या उत्पादकाने दिलेले आकडेच प्रमाण मानावेत.

हीटरची तपासणी त्याहून सोपी. सेन्सराच्या चार तारांपैकी एकाच रंगाच्या दोन तारा हीटरच्या असतात. कनेक्टर सोडवून मल्टिमीटरने त्या दोन तारांमधील रोध मोजला तर थंड स्थितीत तो काही ओहमांचा, साधारणतः एकेरी संख्येचा किंवा फारतर दहा-पंधराच्या घरातला असावा. मीटर अनंत दाखवील तर हीटर जळालेला आहे. परंतु त्यापूर्वी कनेक्टराच्या गाडीकडील बाजूस बारा व्होल्ट येतात का ते पाहावे, कारण दहा-वीस रुपयांचा फ्यूज उडालेला असतानाही क्रमांक हीटरचाच येतो. दिल्लीच्या जानेवारीत हीटरला विशेष महत्त्व आहे. मयूर विहारातून मुलांना शाळेत सोडून परत येणाऱ्या गाडीचे इंजिन सात अंशांच्या थंडीत धड तापतही नाही. हीटर नसेल तर सेन्सर बराच काळ मुका राहतो, तोवर ईसीएम आपल्या ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे पेट्रोल जास्तच देत राहतो, आणि गाडी एव्हरेज देत नाही अशी तक्रार उन्हाळ्यापेक्षा हिवाळ्यात अधिक येते.

सेन्सर स्वतः मरतो तोही बहुधा दुसऱ्याच्या पापाने. राजधानी क्षेत्रात याची कारणे स्थानिक आहेत. सोसायट्यांच्या तळघरांतील उंदीर थंडीत गरम इंजिनाच्या आश्रयाला येतात आणि तारांचे आवरण कुरतडतात. पावसाळ्यात मिंटो ब्रिजखालच्या साचलेल्या पाण्यातून गाडी घातली तर तापलेल्या मृत्तिकेला थंड पाण्याचा फटका बसून तिला चीर पडते. इंजिनाच्या झाकणाला गॅस्केटऐवजी स्वस्त सिलिकॉन फासले तर त्याची वाफ धुरात मिसळून टोकावर वाळूसारखा पांढरा थर धरते, आणि कूलंट जळू लागले तरी तशीच पांढरी पूड बसते. म्हणून काढलेला सेन्सर फेकण्यापूर्वी त्याचे टोक उजेडात धरून पाहावे : कोरडी काळी काजळी अधिक पेट्रोलाची, पांढरी पूड सिलिकॉनची किंवा कूलंटची, तपकिरी चिकट थर जळणाऱ्या ऑइलचा. मूळ कारण न काढता नवा बसविला तर काही महिन्यांत तोही त्याच मार्गाने जातो.

सीएनजीचा विषय येथे टाळता येत नाही, कारण दिल्लीइतक्या सीएनजीच्या मोटारी क्वचितच कुठे असतील. मिथेनला एका भागास सतरा भागांहून अधिक हवा लागते, तरीही सेन्सराला त्याचे सोयरसुतक नाही. कोणतेही इंधन जळो, समतोलाची रेषा तो तितक्याच अचूकपणे दाखवितो. इथेनॉलचेही तसेच. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या उसाच्या मळीतून निघालेला मद्यार्क आता २० टक्क्यांपर्यंत पेट्रोलात मिसळलेला असतो, त्यामुळे समतोलाचे प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास उतरते, आणि सेन्सराच्या साक्षीवरून ईसीएम आपण होऊन पेट्रोल वाढवून घेतो. जुन्या गाडीचा पंप आधीच दमलेला असेल तर मात्र ही वाढ मर्यादेबाहेर जाऊन 'पी ०१७१' उमटतो. खरा घोटाळा जुन्या पद्धतीच्या सीएनजी किटांत आहे. त्यांत एम्युलेटर नावाची एक डबी सेन्सराच्या तारेवर बसवीत, आणि गाडी गॅसवर चालत असताना ती डबी ईसीएमला बनावट दाब पुरवी, जेणेकरून दिवा लागू नये. ही खोटी साक्ष इतकी बेमालूम असते की, किट बिघडून धूर कितीही विषारी झाला तरी ईसीएम निश्चिंत राहतो. अशी गाडी विकत घेताना तारा किटाकडे कुठे वळविल्या आहेत ते पाहिल्याशिवाय सेन्सरावर खर्च करू नये. याच जातीचा दुसरा उद्योग म्हणजे मागच्या सेन्सराखाली स्पेसर लावून त्याला धुरापासून दूर उचलणे; प्लॅटिनमच्या मोहाने मारुतीच्या ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या अनेक राज्यांत फोफावल्यापासून रिकाम्या डब्यावर असा स्पेसर लावून गप्प बसविलेल्या गाड्याही रस्त्यावर दिसू लागल्या आहेत. प्रदूषण केंद्रावर मात्र हे खपत नाही. बीएस-४ आणि पुढील पेट्रोलगाड्यांच्या तपासणीत इंजिन २५०० फेऱ्यांवर धरून मोनॉक्साइडबरोबर लॅम्डाही मोजण्याचा नियम आहे, आणि कारखान्याने वेगळा आकडा दिला नसेल तर तो ०.९७ ते १.०३ यांमध्ये यावा लागतो. केंद्रावरचे यंत्र आपली साक्ष स्वतःच काढते.

आणि सेन्सर खरोखरच दोषी ठरला तर बदलण्याचे काम अवघड नाही. काश्मिरी गेटच्या बाजारात नाव सांगून मिळेल तो घेण्याऐवजी जुन्याच्या कनेक्टरावरील क्रमांक जुळवून घ्यावा. तारा कापून जोडावयाचा 'सगळ्यांना चालणारा' नमुना शक्यतो टाळावा. इंजिन कोमट असताना, बॅटरीची तार काढून, आट्यांवर गंज सुटण्याचे तेल सोडून पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि २२ नंबरचा, तारेसाठी फट असलेला सॉकेट लावून सावकाश जोर द्यावा. पूर्ण थंड नळीत आटे धरून बसतात, पूर्ण तापलेलीत हात भाजतो. नव्याच्या आट्यांना बहुधा वंगण लावलेलेच असते; नसल्यास जरासे लावावे, पण टोकाला त्याचा स्पर्श होऊ देऊ नये, टोक पेट्रोलाने धुऊ नये, आणि हातातून पडलेला सेन्सर दिसावयास अभंग असला तरी बसवू नये. घट्ट करताना ४० ते ५० न्यूटन-मीटरचा जोर पुरतो. तारा धुराड्याला टेकणार नाहीत अशा बांधाव्यात.

मग दप्तरातील क्रमांक पुसावा आणि गाडी चालवून पाहावी : थंड इंजिन सुरू करून, काही मिनिटे शहराच्या वाहतुकीत, काही मिनिटे नोएडा-ग्रेटर नोएडा एक्सप्रेसवेवर एकसारख्या वेगाने, आणि मधूनमधून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून. ईसीएम आपल्या चाचण्या अशाच प्रवासात पुऱ्या करतो, आणि त्या पुऱ्या होण्यापूर्वी विझलेला दिवा कशाचाच पुरावा नव्हे. स्कॅनरवर इंधनाच्या दीर्घकालीन दुरुस्तीचा आकडा पाहत राहावे; आधी वीस टक्क्यांच्या घरात अडकलेला तो आकडा पाचाच्या आत उतरून तिथेच राहिला, की दाखल्यासाठी केंद्रावर जावयास हरकत नाही. मात्र गाडी चांगली तापवून, रांगेत इंजिन बंद न करता न्यावी, कारण थंडावलेला कन्व्हर्टर निर्दोष गाडीलाही नापास करू शकतो.